शनिवारी चार वाजता, सतरंजीवर

साताऱ्यात आमच्या पेठेतल्या वाचनालयात मी दर शनिवारी मुलांचा वाचनगट घेते. तुम्हाला सुरू करायचा असेल तर आधी वार आणि वेळ पक्की करा. धो धो पावसात दोनच मुलं आली तरी गट घ्यायचाच.

मुलं दहा-बारापेक्षा जास्त नकोत. गर्दीत लाजरी मुलं गप्प बसतात. एका पुस्तकाच्या बारा प्रती मिळत नाहीत, म्हणून वीस मिनिटांत मोठ्याने वाचून होईल अशी कथा निवडा. सतरंजी अंथरा, गोल करा, तुम्हीही खालीच बसा.

वाचून झाल्यावर ‘तात्पर्य काय?’ हे कधीही विचारू नका. पहिल्या वर्षी मी विचारायचे आणि मुलं परीक्षेला बसल्यासारखी ताठ व्हायची. आता विचारते, ‘कुठे थांबावंसं वाटलं?’ एकदा चौथीतली मुलगी म्हणाली, “आजी गेली तिथं नाही. तिचा चष्मा खिडकीत राहिला ना, तिथं.” बराच वेळ कुणी बोललं नाही. अशी शांतता मोडायची घाई करू नका. मग एका मुलाने हळूच आपल्या आजोबांच्या काठीबद्दल सांगितलं.

पुस्तकं घरी न्यायला द्याच. फाटलं तर दंड नको, डिंक घेऊन मुलासोबत चिकटवायला बसा.

वर्षातून एकदा पाचगणीजवळच्या भिलारला न्या. २०१७पासून ते पुस्तकांचं गाव आहे. तिथे घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात, बसून वाचता येतं. स्ट्रॉबेरीच्या दिवसांत, डबे घेऊन, सकाळीच निघा.