कॅन्सरच्या ट्रायलमध्ये नाव घालण्याआधी खर्च असा मोजा

ट्रायल म्हणजे नवं औषध किंवा उपचार रुग्णांवर तपासून बघायचा अभ्यास. ‘औषध फुकट आहे’ एवढं ऐकून त्याच्या कागदावर सही करू नका. तपासलं जाणारं औषध आणि निव्वळ संशोधनासाठीच्या तपासण्या यांचे पैसे सहसा रुग्णाकडून घेत नाहीत. पण एरवीही लागलाच असता असा स्कॅन, नेहमीची केमो, भरती यांचं बिल कुणाकडे, हे ट्रायलगणिक बदलतं. माहितीपत्रक घरी आणा आणि प्रत्येक तपासणीपुढे ‘पैसे कोण भरणार’ ते को-ऑर्डिनेटरकडून (ट्रायलचं काम बघणाऱ्या माणसाकडून) लिहून घ्या. जे महात्मा फुले योजनेतून करू म्हणतील, ते योजनेच्या पॅकेजात, म्हणजे ठरलेल्या उपचारांच्या यादीत, बसतं का हे आरोग्यमित्राला (दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला) सहीआधीच विचारा.

खरा मार बसतो तो फेऱ्यांचा. 21 दिवसांच्या सायकलमध्ये (औषधाच्या एका पाळीत) पहिल्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी बोलावलं, तर सहा सायकलच्या 18 फेऱ्या. सोबत एक माणूस, म्हणजे 36 मजुऱ्या बुडाल्या. त्यात सोयाबीनची सोंगणी किंवा कापूस वेचणी आली की लोक मधली तारीख चुकवतात आणि ट्रायलमधून बाहेर पडायची पाळी येते. म्हणून तारखांचा तक्ता आधी मागा. मधलं रक्त तालुक्याला तपासलेलं चालेल का, हेही विचारा. काही ट्रायलमध्ये चालतं.

प्रवासखर्च आपोआप मिळत नाही. फेरीमागे किती, सोबत्याचं धरलंय का, मुक्कामाचं काय, पैसे कधी येणार, हे संमतीपत्रात असायला हवं. एसटीचं तिकीट खिशात, उन्हात आठवडाभरात पांढरं पडतं. त्याच दिवशी फोटो काढा. ऑटोवाला, काळीपिवळीवाला पावती देत नाही, तेव्हा साध्या कागदावरचं व्हाउचर चालेल का ते पहिल्याच भेटीत ठरवा. जनधन खात्यात दोन वर्षं व्यवहार नसेल तर जमा झालेले पैसेही केवायसी केल्याशिवाय निघत नाहीत. आधी बँकेत जा.

मुंबईला जायचं तर दवाखान्यातून रेल्वेचा सवलतीचा फॉर्म भरून घ्या. स्लीपर आणि थ्री-एसीत रुग्णाला पूर्ण माफी, सोबत्याला 75 टक्के.

नव्या औषधाच्या ट्रायलमुळे इजा झाली, तर 2019 च्या नियमांप्रमाणे उपचार मोफत व्हायला हवेत. घोटाळा होतो तो रात्री ताप चढला की. गावातल्या डॉक्टरकडे सलाईन लावतात, कागद मात्र काहीच नसतो. आधी संमतीपत्रावरच्या नंबरवर फोन करा. फोन लागेना तर उपचार थांबवू नका, पण तारीख घातलेली चिठ्ठी आणि बिल घेतल्याशिवाय निघू नका.