हॉकी विश्वचषक पाहताना गुणतक्ता कसा वाचावा

पुरुषांच्या हॉकी विश्वचषकात प्रत्येक संघाच्या वाट्याला साखळीचे मोजकेच सामने येतात. त्यामुळे गुणतक्ता पहिल्या सामन्यापासूनच हाताशी ठेवावा लागतो. जानेवारी २०२३ मध्ये भुवनेश्वर आणि राउरकेला येथे झालेली स्पर्धा यासाठी उत्तम उदाहरण आहे. तीत १६ संघांचे चार गट होते. प्रत्येक गटातील पहिला संघ थेट उपांत्यपूर्व फेरीत गेला, चौथा बाद झाला, तर दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या संघांना उपांत्यपूर्व फेरी गाठण्यासाठी क्रॉसओव्हरचा जादा सामना खेळावा लागला. ही रचना प्रत्येक स्पर्धेत हीच असेल असे गृहीत धरू नये. स्पर्धा सुरू होण्यापूर्वी ती एकदा वाचून घ्यावी.

एका वहीत गटातील चार संघांची नावे एकाखाली एक लिहून त्यांच्यापुढे गुण, विजय, केलेले गोल, स्वीकारलेले गोल आणि त्यांतील फरक असे पाच रकाने आखावेत. विजयाचे तीन गुण, बरोबरीचा एक. गुण समान झाल्यास आधी विजयांची संख्या, मग गोलफरक आणि त्यानंतर केलेले गोल पाहतात. समोरासमोरच्या सामन्याचा निकाल त्याही नंतर येतो, आणि चर्चेत सर्वाधिक गोंधळ नेमका याच ठिकाणी होतो.

या वहीचा खरा उपयोग शेवटच्या साखळी सामन्याच्या दिवशी कळतो. भारताच्या गटात इंग्लंड, स्पेन आणि वेल्स होते. १९ जानेवारीला इंग्लंडने स्पेनला ४-० असे हरवले, तेव्हा त्यांचे सात गुण आणि गोलफरक अधिक ९ झाला. भारताने स्पेनला २-० ने नमवले होते आणि इंग्लंडशी गोलशून्य बरोबरी साधली होती, म्हणजे चार गुण व फरक अधिक २. शेवटच्या सामन्यात वेल्सविरुद्ध सात गोलांनी जिंकले असते तरी फरक समानच झाला असता. गटात निर्विवाद पहिले यायचे तर आठ गोलांच्या फरकाने विजय हवा होता. हे गणित मांडले की मध्यंतराला १-० अशी आघाडी असूनही समाधान का वाटत नव्हते ते समजते. पुढे वेल्सने २-२ अशी बरोबरी साधली आणि सामना अखेर ४-२ असा सुटला. भारत दुसरा आला.

दुसऱ्या क्रमांकाला मात्र अपयश समजू नये. त्याच स्पर्धेत दुसऱ्या एका गटात बेल्जियम आणि जर्मनी यांचेही प्रत्येकी सात गुण होते. गोलफरकाने बेल्जियम पहिले ठरले आणि जर्मनीला क्रॉसओव्हर खेळावा लागला. फ्रान्सला ५-१ ने हरवून पुढे गेलेल्या जर्मनीने उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम अशा तिन्ही सामन्यांत ०-२ ने मागे पडूनही विजय मिळवला, आणि विश्वचषक जिंकला तो त्याच बेल्जियमला शूटआउटमध्ये, म्हणजे बरोबरीनंतर खेळाडू विरुद्ध गोलरक्षक अशा लढतीत, हरवून. भारताला हीच वाट क्रॉसओव्हरमध्ये न्यूझीलंडविरुद्ध बंद झाली: ३-१ ची आघाडी ३-३ झाली आणि शूटआउट ५-४ असा हातून गेला.

बाद फेरीत वही बाजूला ठेवून घड्याळाकडे लक्ष द्यावे. सामना १५ मिनिटांच्या चार सत्रांचा असतो. हिरवे कार्ड मिळालेला खेळाडू दोन मिनिटे, पिवळे मिळालेला किमान पाच मिनिटे बाहेर बसतो आणि तोवर त्याचा संघ एका खेळाडूने कमी असतो; माझ्या मते उत्तरार्धातले पिवळे कार्ड हे बहुतेक वेळा समालोचक सांगतात त्यापेक्षा महागात पडते. सत्र संपता संपता पेनल्टी कॉर्नर मिळाला तर हूटर वाजल्यावरही तो पूर्ण खेळवला जातो, तेव्हा जागेवरून उठण्याची घाई करू नये.

शूटआउटमध्ये खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघतो आणि आठ सेकंदांत गोल करावा लागतो. इथे चेंडूपेक्षा गोलरक्षकाचे पाय पाहावेत. तो खाली झोपला की खेळाडू चेंडू बाजूला ओढून मोकळ्या जाळ्याकडे वळतो. तो उभा राहून मागे सरकत राहिला तर बहुधा सेकंदच संपतात.