जुन्या ब्रिटिश पाइपचं वय चांदीच्या कड्यावरून ओळखा

तंबाखू ओढायचा जुना हाती बनवलेला ब्रिटिश पाइप विकणारा ‘शंभर वर्षांचा आहे’ म्हणतो. दांडीवर चांदीचं कडं असेल तर ते स्वतः पडताळता येतं.

१. कड्यावरचे बारीक ठसे भिंगातून पाहा. एक पाय उचलून चालणारा सिंह असेल तर चांदी इंग्लंडमध्ये तपासलेली, स्टर्लिंग (९२.५ टक्के शुद्ध).

२. आधी चांदी तपासली ते शहर ओळखा. जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा, बिबट्याचं तोंड लंडनचं. तलवार आणि गव्हाच्या तीन पेंढ्या म्हणजे चेस्टर. तिथलं चांदी तपासणारं कार्यालय १९६२ मध्ये बंद झालं, म्हणजे कडं त्यानंतरचं नाही.

३. मग वर्षाचं अक्षर (तपासणीचं वर्ष सांगणारा ठसा) त्याच शहराच्या तक्त्यात शोधा. १९७५ पूर्वी प्रत्येक शहराचा क्रम वेगळा होता, आणि तेच अक्षर दर फेरीत परत येई. म्हणून अक्षराचं वळण आणि भोवतालची चौकटही जुळायला हवी. घाई इथेच नडते.

कारागिराची आद्याक्षरंही बघा. बार्लिंग या पाइप बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या कड्यावर ‘ईबी’ आणि खाली ‘डब्ल्यूबी’ असणं फार चांगली खूण.

सावधान: दांडीला तडा गेल्यावर तो झाकायलाही कडं बसवतात. तेव्हा तारीख फक्त कड्याची ठरते. कड्याच्या दोन्ही कडांशी केसासारखी रेघ दिसते का, हे उजेडात फिरवून बघा.