हरिश्चंद्रगडावर ताऱ्यांच्या रेषा टिपायला जाताना

ट्रायपॉड, रुंद कोनाची लेन्स, डोक्याला लावायची विजेरी आणि पाणी या गोष्टी कोणी विसरत नाही, म्हणून त्यांच्यावर शब्द खर्च करत नाही. पिशवीत सर्वांत आधी जायला हवा तो लेन्सभोवती गुंडाळायचा गरम पट्टा, म्हणजेच ड्यू हीटर. गेल्या खेपेस तो घरी राहिला. मध्यरात्रीनंतर प्रत्येक फ्रेममध्ये तारे आधी फुगत गेले, मग पुसट झाले आणि शेवटी दिसेनासे झाले. काचेवर विजेरी मारली तेव्हा बोटाने नाव लिहिता येईल इतके दव साचले होते. रुमालाने पुसून उपयोग होत नाही, कारण पुसलेली काच थोड्याच वेळात पुन्हा धुरकटते आणि पुसताना कॅमेऱ्याला लागलेला धक्का ओळीने घेतलेल्या फ्रेम जोडून बनणाऱ्या ताऱ्यांच्या सगळ्या रेषा मोडून टाकतो.

जाण्याचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नेमक्या याच दिवसांत रात्री निरभ्र असतात, लेन्सची काच उघड्या आकाशाकडे उष्णता टाकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. त्यामुळे ताऱ्यांसाठी उत्तम असलेली रात्र दवासाठीही उत्तमच असते. गडाच्या उभ्या कोकणकड्यावर वारा असतो, दव कशाला पडेल, असा युक्तिवाद सोबतचे लोक करतील. तो ऐकू नये, पट्टा घ्यावा.

तिथी अमावास्येच्या आसपासची निवडावी, मात्र काटेकोर अमावास्येचा हट्ट आकाशगंगा टिपणाऱ्यांनी धरावा. रेषांसाठी शुद्ध तृतीया-चतुर्थीही चालते, कारण लवकर मावळणारी कोर तोवर गडावरच्या मंदिराच्या दगडावर हलका उजेड टाकते आणि समोरच्या भागाची एक वेगळी फ्रेम फुकटात मिळते.

दिशेचा विचार घरीच करावा. ज्याभोवती ताऱ्यांची वर्तुळे बनतात तो ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढ्याच अंशांवर दिसतो जेवढे त्या ठिकाणचे अक्षांश असतात, त्यामुळे गडावरून तो जेमतेम 19 अंश उंचीवर असतो. मंदिराच्या फार जवळ उभे राहिलात तर शिखर त्याला झाकून टाकेल आणि वर्तुळांचा मध्यच हरवेल. शिवाय नाशिक गडाच्या जवळजवळ थेट उत्तरेला असल्याने त्या शहराचा उजेड नेमका ध्रुवाखालीच पसरतो. तो टाळता येत नाही, पण एखाद्या टेकाडाआड लपवता येतो. डिसेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, तेव्हा ध्रुव शर्मिष्ठा (कॅसिओपिया) या तारकासमूहावरून शोधावा. उत्तररात्री मात्र सप्तर्षींतल्या पुलह आणि क्रतु या ताऱ्यांना जोडणारी रेषा पुढे नेली की झाले. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून तिथे पूर्ण वर्तुळे मिळणार नाहीत. समोर जवळजवळ सरळ तिरक्या रेषा आणि दोन्ही बाजूंना विरुद्ध वाकलेल्या कमानी मिळतील, आणि त्याही सुंदर दिसतात. ट्रायपॉड कड्याच्या धारेपासून चांगला मागे लावावा आणि जागा दिवसाउजेडी ठरवावी. गड अभयारण्यात येतो, त्यामुळे रात्रीच्या मुक्कामाचे नियम पायथ्याच्या पाचनई गावात आधी विचारून घ्यावेत.

आता वीज. कॅमेऱ्यासाठी पूर्ण भरलेल्या बॅटऱ्या, आणि गरम पट्ट्यासाठी स्वतंत्र पॉवर बँक. स्वतंत्र म्हणजे ज्यावर कोणी मोबाईल लावणार नाही अशी. हे सोबत्यांना निघतानाच बजावावे. पट्टा लेन्सच्या पुढच्या टोकाशी गुंडाळावा, फोकसच्या कड्यावर नव्हे, आणि दव दिसल्यावर नव्हे तर सुरुवातीपासून चालू ठेवावा. पट्टा मिळालाच नाही, तर हात शेकण्याच्या पुड्या मोज्यात घालून रबराने लेन्सला बांधाव्यात. अगदीच काही नसण्यापेक्षा तेही बरे.

फोकस पट्टा गरम झाल्यानंतरच करावा, कारण तापमान बदलले की तोही किंचित सरकतो. एखादा ठळक तारा पडद्यावर मोठा करून तो अगदी टिंबाएवढा होईपर्यंत कडे फिरवावे आणि मग चिकटपट्टी लावावी. ॲपर्चर 2.8, आयएसओ 1600, शटर 30 सेकंद, रॉ फाइल आणि ठरावीक व्हाइट बॅलन्स एवढ्यावर सुरुवात करता येते. लाँग एक्स्पोजर नॉइझ रिडक्शन, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच चित्रातले ठिपके काढण्याची सोय, बंद करावे. ते चालू राहिले तर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तितकाच वेळ अडून बसतो आणि रेषांना भोके पडतात. अनेक कॅमेऱ्यांतले 30 सेकंद प्रत्यक्षात 32 असतात, म्हणून इंटरव्हल, म्हणजे एका फ्रेमच्या सुरुवातीपासून पुढचीच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ, 33 सेकंद ठेवावा. आकाश तासाला 15 अंश फिरते, म्हणजे दोन तासांत 30 अंशांची कमान आणि सव्वादोनशेच्या आत-बाहेर फ्रेम होतात. याहून कमी वेळ थांबायचे असेल तर एवढा गड चढूच नये. मधल्या काळात विजेरी कॅमेऱ्यासमोर नाचवू नये, मात्र अधूनमधून काचेवर तिरका प्रकाश टाकून पट्टा काम करतो आहे ना, हे पाहावे.

शेवटी झाकण लावून त्याच सेटिंगवर दहाएक काळ्या फ्रेम घ्याव्यात, चित्रातले ठिपके नंतर वजा करायला त्या लागतात. कॅमेरा तंबूत नेण्यापूर्वी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा, नाहीतर आतल्या दमट हवेने तो पुन्हा ओला होईल. घरी फ्रेम स्टारस्टॅक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लाइटन पद्धतीने, म्हणजे प्रत्येक जागी सर्वांत उजळ बिंदू राखून, एकत्र कराव्यात, आणि विमानांचे पट्टे त्याआधीच काळ्या ब्रशने पुसावेत.