बचत गटाची वही पायथनच्या फंक्शनला देताना

आईच्या बचत गटात अकरा जणी आहेत, हप्ता महिना २०० रुपये. हिशेब मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ठेवते. बाहेर 'गट' नावाची एक डिक्शनरी (नाव दिलं की त्या नावाखालची नोंद देणारी रचना), तिच्यात प्रत्येकीची डिक्शनरी, आणि त्या आतल्या डिक्शनरीत कर्जाची नोंद आणि हप्त्यांची लिस्ट, म्हणजे क्रमाने यादी. हीच माझी वही. आईचे हप्ते हवे असतील तर:

गट['आई']['हप्ते']

(पायथन ३ मध्ये चलांची नावं देवनागरीत चालतात, कोडमधले आकडे मात्र इंग्रजीच (0 ते 9) लागतात.)

हप्ता ३०० केला तर वर्षभरात किती जमेल, हे बघायला मी 'अंदाज' नावाचं फंक्शन, म्हणजे नाव घेऊन हवं तेव्हा चालवता येणारा कोडचा तुकडा, लिहिलं. ते प्रत्येकीच्या लिस्टमध्ये बारा वेळा ३०० जोडायचं. उत्तर बरोबर आलं. पण त्यानंतर छापलेल्या खऱ्या पत्रकात शिल्लक ३९,६०० रुपयांनी जास्त! मीटिंगमध्ये बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पैशाच्या कामात ती नजर फार लागते.

झालं असं, की फंक्शनला डिक्शनरी दिली तरी पायथन तिची झेरॉक्स काढत नाही. मूळ वहीच हातात देतं, फक्त फंक्शनच्या आत तिला दुसरं नाव मिळतं. आत तुम्ही 'गट' या नावाला नवी डिक्शनरी जोडलीत तर बाहेर काही होत नाही. पण गट['आई'] बदललंत किंवा आतल्या लिस्टवर अपेंड केलंत, म्हणजे तिच्या शेवटी काही जोडलंत, तर खरी वही बदलते.

मी मग डिक्शनरीची स्वतःची कॉपी मेथड (copy()) वापरली. पुन्हा तेच ३९,६००. कारण ती कॉपी वरवरची असते: पिशवी नवी, आतली पासबुकं तीच. आतपर्यंत वेगळी प्रत हवी असेल तर पायथनबरोबरच येणाऱ्या कॉपी मॉड्यूलमधलं (तयार कोडच्या संचातलं) डीपकॉपी, म्हणजे copy.deepcopy, वापरा. डेटा प्रचंड असेल तर त्याला वेळ लागतो; अकरा जणींच्या वहीला जाणवतसुद्धा नाही.

तरी डीपकॉपी मी 'असं केलं तर' अशा अंदाजांपुरतीच ठेवते. एरवी फंक्शनला लागेल तेवढाच तुकडा द्यावा, या मताची मी आहे:

एकूण(गट['आई']['हप्ते'])

बेरीज करणाऱ्या फंक्शनला कर्जाची नोंद कशाला दिसायला हवी? शिवाय वहीची मांडणी उद्या बदलली तरी ते फंक्शन तसंच चालतं. यादीत भर घालायची असेल तर आत नवी लिस्ट तयार करून रिटर्न करा (फंक्शनचं उत्तर म्हणून परत द्या), आणि वहीत कुठे ठेवायची ते बाहेर ठरवा.

पॅरामीटरची, म्हणजे फंक्शन जे घेतं त्याची, डीफॉल्ट किंमत (काही दिलं नाही तर धरायची) म्हणून रिकामी लिस्ट देऊ नका. फंक्शनची व्याख्या (def) चालते तेव्हा ती एकदाच तयार होते, आणि फंक्शनला मारलेल्या आधीच्या हाकेत जोडलेले हप्ते पुढच्या हाकेतही तिच्यात सापडतात. तिथे नन (None, म्हणजे 'काहीच नाही') द्या आणि लिस्ट आत तयार करा.

नवं फंक्शन खऱ्या वहीवर चालवण्याआधी मी डीपकॉपी काढून बाजूला ठेवते, फंक्शन चालवते, आणि दोन्ही सारख्या आहेत का ते == ने ताडते. ही तुलना आतल्या प्रत्येक हप्त्यापर्यंत जाते. उत्तर फॉल्स (False, म्हणजे 'सारख्या नाहीत') आलं, तर त्या दिवशी पत्रक छापत नाही.