पहिलं वचन वाचा, मग गळ्याचं माप द्या

मी ब्लाऊज, पंजाबी ड्रेस आणि लग्नाचे गाऊन शिवते. पुण्यात, लष्कर भागात. गिऱ्हाईक सगळ्या जातीधर्माचं, पण नाताळ आणि लग्नसराई आली की आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांतल्या बायकांचीच गर्दी. पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, कधी विचारणार नाहीत अशा गोष्टी बायका माप देताना विचारतात. "मावशी, एवढा गळा चालेल ना चर्चमध्ये?" मी विचारते, कुणाला चालायला हवाय? पाळकांना, सासूला, शेजारच्या बाकावरच्या बाईला, की तुला? चौघांची उत्तरं चार निघतात आणि कात्री मात्र एकदाच चालते. म्हणून कापड आणण्याआधी काय करायचं, ते इथं लिहून ठेवते.

घरी बसून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडा. उपदेशात ऐकलेलं धरून चालू नका, स्वतः वाचा. तीमथ्याला पहिलं पत्र, दुसरा अध्याय. नववं वचन आपल्याला पाठ असतं, कारण ते आपल्यालाच ऐकवलं जातं. त्याच्या आधीचं आठवं वाचा. तिथं पुरुषांना सांगितलंय की राग आणि भांडण सोडा, पवित्र हात वर करून प्रार्थना करा. मंडळीच्या वार्षिक सभेला बसलेल्या कुणालाही विचारा, त्या वचनाचं काय होतं ते. आता नवव्यातली यादी बघा: केस गुंफणं, सोनं, मोती, भारी वस्त्रं. मर्यादेनं राहा असं म्हटलंय, पण बाही किती आणि गळा किती, ते नाही. यादीतल्या वस्तू सगळ्या पैशाच्या आहेत. आरी वर्कच्या ब्लाऊजवर माझं घर चालतं, तरी सांगते, हे वचन गळ्याच्या आधी बिलाला लागतं. शंका असेल तर याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचा. सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची जागा आणि मळक्या कपड्यातल्याला "तिकडं उभा राहा", हे त्यानं आपल्याच मंडळीत बसून लिहिल्यासारखं वाटतं.

मग पेत्राचं पहिलं पत्र, तिसरा अध्याय. तिथंही बाहेरच्या शोभेपेक्षा आतल्या सौम्य, शांत आत्म्याची किंमत मोठी मानलीय. पण एवढ्यावर थांबू नका. नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय काढा. जिच्या नावानं दर महिला दिनाला उपदेश होतो, ती सद्गुणी स्त्री स्वतः तलम तागाची आणि जांभळी वस्त्रं नेसते, घरातल्यांना किरमिजी घालते आणि वर कपडे करून विकते. माझ्या धंद्याला शास्त्राधार आहे म्हणायचा!

जीन्सवाल्या मुलींना जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं 22:5 ऐकवतात, स्त्रीनं पुरुषाचा पोशाख घालू नये म्हणून. त्याच अध्यायाच्या बाराव्या वचनात पांघरुणाच्या चारही कोपऱ्यांना गोंडे लावायला सांगितलंय. गोंडे शिवून घ्यायला अजून एकही काका माझ्या दुकानात आलेले नाहीत. माझ्या मते जीन्सचा प्रश्न त्या वचनानं सुटत नाही. ज्यांना सुटतो असं वाटतं, त्यांनी आपल्यापुरतं पाळावं.

शेवटी रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय, एका बैठकीत, पूर्ण. एक जण सगळं खातो, एक जण फक्त भाजीपाला. एक जण एखादा दिवस विशेष मानतो, दुसरा सगळे सारखे मानतो. ते पत्र लिहिणारा पौल म्हणतो, ज्यानं त्यानं आपल्या मनाची पक्की खात्री करून घ्यावी, आणि मनात शंका ठेवून केलेलं ते पापच. म्हणजे तुमच्या मनाला गळा खटकत असेल, तर मी "चालतोय की" म्हणून उपयोग नाही. आणि तुम्हाला खटकत नसेल, तर शेजारणीचं तोंड वाकडं झालं म्हणून तो आपोआप चुकीचाही ठरत नाही. तिच्यासाठी सोडायचा की नाही, हा वेगळा प्रश्न. तोही त्याच अध्यायात आहे.

वाचून झालं की एक कागद घ्या. दुसऱ्या गावात, ओळखीचं एकही माणूस नसताना सुद्धा मी काय घालणार नाही, ते आधी लिहा. ती तुमची स्वतःची खात्री. त्याखाली लिहा, मला चालतं पण आजेसासूच्या गावातल्या उपासनेला जाताना मी घालत नाही. ते प्रेमापोटी सोडलेलं. आणि उरलं ते, म्हणजे नुसत्या "लोक काय म्हणतील"पायी चाललेलं, तळाशी लिहा. बहुतेकींचा हा तळच सगळ्यात लांब निघतो. त्यातलं काय वर न्यायचं आणि काय खोडायचं, ते घाईनं ठरवू नका. लेंतचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे, चाळीस दिवस यासाठी चांगले. दागिने उतरवायचे मनात असेल तर आधी तेवढे दिवस उतरवून बघा. गळा, हात मोकळे वाटतात की ओकेबोके, ते तेव्हा कळतं.

दागिन्यांबद्दल जरा जास्त बोलते, कारण घरं यावरून फुटतात. माझी नणंद लग्नानंतर काही वर्षांनी पेंटेकॉस्टल मंडळीत जाऊ लागली आणि तिनं बांगड्या, कानातलं, सगळं उतरवलं. मी नाही उतरवलं. माझ्या मंगळसूत्रात काळे मणी आहेत आणि मधे क्रूस आहे. नाताळात आम्ही दोघी एकाच ओट्यावर करंज्या तळतो. ती म्हणते, "वहिनी, तुमचं तुमच्यापाशी." मी म्हणते, "तुझं तुझ्यापाशी." पण एक नियम दोघींनाही मान्य आहे: सभेच्या भरात मंगळसूत्र काढायचं नाही. स्टेजवरून कुणी म्हणालं, आत्ताच उतरवा आणि दानपात्रात टाका, तर घरी या. नवऱ्याशी बोला. रात्र जाऊ द्या, महिना जाऊ द्या. खात्री खरी असेल तर ती महिन्याभरानंही टिकते. आणि उतरवलंत तर सोन्याचं वजन करून, कागदावर लिहून, लॉकरमध्ये ठेवा.

कुणी म्हणालं की अशी स्वतःची मतं ठेवणं हा बंडखोरपणा आहे, तर पंडिता रमाबाईंचं नाव घ्या. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या भगिनींच्या आश्रमात राहूनही त्यांनी साडी सोडली नाही की शाकाहार सोडला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, म्हणून वाद घातला. पुढं केडगावचं मुक्ती मिशन उभं केलं ते साध्या पांढऱ्या साडीतच.

उलट बाजूनं, तरुण संघातली एखादी पोरगी "अंग झाकणं म्हणजे गुलामी" म्हणाली, तर तिला दक्षिणेतल्या त्रावणकोर संस्थानाची गोष्ट सांगा. तिथं नाडार जातीच्या बायकांना छाती झाकायला बंदी होती. ख्रिस्ती झालेल्या नाडार बायकांनी जाकीट आणि वरचं वस्त्र घातलं म्हणून रस्त्यात त्यांचे कपडे फाडले गेले, दंगे झाले. हे भांडण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चाललं. 1859 मध्ये राजाला झाकायची परवानगी द्यावी लागली, तीही उच्च जातीच्या बायकांसारखं नेसायचं नाही या अटीवर. त्या बायकांसाठी ते जाकीट म्हणजे माणूस असल्याचा दाखला होता. म्हणून झाकलेलं म्हणजे दबलेलं, असं सरसकट समजू नये.

आता कापड. माझ्याकडं ट्रायल घेताना बाईला आरशासमोर नुसती उभी करत नाही. चार गोष्टी करायला लावते: दोन्ही हात वर, जसे आपण स्तुतीगीताला करतो. गुडघे टेकून पुढं वाकणं, जसं प्रभुभोजन घेताना वाकतो. जाजमावर मांडी घालणं, कारण घरोघरच्या प्रार्थनासभेत खुर्च्या नसतात. आणि खाली वाकून मूल उचलणं. एवढ्यात जो ब्लाऊज जागेवर राहिला तो पास.

हात वर केले की ब्लाऊज वर सरकतो आणि पोट दिसतं. बायका म्हणतात, उंची वाढवा. उंचीनं काम भागत नाही, दोष मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या काखेतल्या गोलाईत असतो. मुंढा खाली उतरलेला असला की हाताबरोबर सगळा ब्लाऊज ओढला जातो. शिंप्याला सांगा, मुंढा काखेजवळ, बसता ठेवा. सुरुवातीला घट्ट वाटेल, पण हात मोकळा उठतो आणि खालची कड हलत नाही.

वाकल्यावर गळा उघडतो, त्याचंही तसंच. सहा इंच खोल गळा नीट बसतो आणि पाच इंच खोल गळा वाकल्यावर उघडा पडतो, हे रोज बघते. कारण रुंदी. गळा खांद्याकडं पसरट कापला की तो सैल पडतो. खोली कमी करण्याआधी रुंदी अर्ध्या इंचानं कमी करून बघा. पंजाबी ड्रेसला खांद्याच्या आतून छोटी पट्टी आणि टिचबटण लावून घ्या, म्हणजे आतला पट्टा बाहेर डोकावत नाही आणि गळाही घसरत नाही.

पातळ कापडाची परीक्षा दुकानातच करा. कापड दारापाशी नेऊन उजेडासमोर धरा आणि मागं हात ठेवा. बोटं मोजता आली तर अस्तर लागेल. पांढऱ्या कापडाखाली पांढरं अस्तर आणि पांढरी आतली वस्त्रं उठून दिसतात. त्वचेच्या रंगाची घ्या, दिसत नाहीत. कुर्त्याचा बाजूचा कट कंबरेपासून सुरू न करता चार बोटं खाली घ्यायला सांगा. एवढ्याशा फरकानं स्कूटरवर बसताना ओढाताण होत नाही.

डोकं झाकण्याचा विषय करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातला. कॅथलिक बायकांना 1917 च्या चर्च-कायद्यात चर्चमध्ये डोकं झाकायचं बंधन होतं, 1983 च्या कायद्यात ते राहिलं नाही. आमच्याकडं म्हाताऱ्या पदर घेतात, तरुणी घेत नाहीत, आणि नणंदेच्या मंडळीत ओढणीशिवाय बाई दिसत नाही. घ्यायचाच असेल तर तो सारखा सावरायला लागू नये, नाहीतर अर्धी उपासना त्यातच जाते. जॉर्जेट, शिफॉन, नेट डोक्यावर टिकत नाही. मलमल किंवा साधं सुती टिकतं. ओढणीच्या मध्यावर आतून एक टिकटॅक पिन टाके घालून पक्की करा आणि ती केसांत अडकवा. साडीचा पदर डोक्यावर घेणार असाल तर नेसतानाच नेहमीपेक्षा वीतभर लांब सोडा.

बाप्तिस्म्याच्या कपड्यांबद्दल कुणीच सांगत नाही, म्हणून नीट सांगते. बुडवून बाप्तिस्मा असेल, नदीत, विहिरीवर की टाकीत, तर पांढरे कपडे सांगतात आणि बाई बिचारी पातळ पांढरा ड्रेस घेऊन जाते. पाण्यातून वर आली की तो अंगाला चिकटतो आणि काठावर सगळी मंडळी मोबाईल घेऊन उभी. पांढराच हवा असेल तर जाड सुती घ्या, आत गडद नको, त्वचेच्या रंगाची पूर्ण स्लिप आणि त्याच रंगाची चड्डी. कुर्ता पाण्यात फुगून वर येतो, म्हणून खालच्या दुमडीत जुनी नाणी शिवून टाका, पुढं दोन, मागं दोन. मी तर प्रत्येक बाजूला तीन टाकते. सलवारीला इलॅस्टिक नको, नाडी हवी, कारण ओलं कापड जड होऊन खाली ओढतं. साडी नकोच, निऱ्या सुटतात. आणि मोठा गडद टॉवेल घेऊन एक बाई पायरीवर उभी राहील, हे आदल्या दिवशी तिचं नाव घेऊन ठरवा. "कुणीतरी असेल" म्हटलं की कुणी नसतं.

लग्नाचं थोडक्यात. गाऊन शिवायला टाकण्याआधी पाळकांना किंवा फादरांना विचारा, बाहीचा काही नियम आहे का. काही ठिकाणी बिनबाह्यांचं चालत नाही, आणि ते आदल्या रविवारी कळलं की धावपळ माझी होते. पाठीला नेट हवी असेल तर तिच्याखाली त्वचेच्या रंगाचं घट्ट विणीचं अस्तर लावता येतं. लांबून उघडं वाटतं, जवळून झाकलेलं असतं. हा प्रकार काहींना ढोंग वाटतो. मला नाही वाटत, पण तुम्हाला वाटत असेल तर सरळ सॅटीनची पाठ घ्या.

मुलगी बरोबर असेल तर आयांनो, माप तिला देऊ द्या. तेरा-चौदाच्या पोरीसमोर "हिचं वर घ्या, हिचं बंद करा" असं माझ्याशी बोलू नका. तिचं अंग म्हणजे काहीतरी भानगड आहे, एवढंच तिला कळतं. घरी तिच्याबरोबर ते अध्याय वाचा, तिचा कागद तिला लिहू द्या. तिची यादी तुमच्याहून कडक निघाल्याचंही मी पाहिलंय. तेव्हा आईचीच पंचाईत होते.

जुने ब्लाऊज टाकून देऊ नका. आत शिलाईत जादा कापड सोडलेलं असेल तर बाजू उसवून सैल करता येते, पाठीचा खोल गळा त्याच कापडाची किंवा काठाची पट्टी लावून भरता येतो. त्याचे पैसे नव्या शिलाईच्या निम्म्याहून कमी लागतात. फक्त नाताळचं काम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाका. डिसेंबरात मी नवं काही घेत नाही, अगदी पाळकीणबाईंचंसुद्धा.