खोकताना छातीत चमक आली? उसण समजून चोळत बसू नका

माझा मावसभाऊ खानापूरकडचा. वय 22, उंच नि किडकिडीत. फ्लूचा ताप उतरला, खोकला मात्र राहिला. एका संध्याकाळी खोकता खोकता तो डावी बरगडी धरून खाली बसला. "उसण भरली असणार," म्हणत मावशीनं कोमट तेलानं पाठ चोळली. जवळच्या दवाखान्यात गॅसचं इंजेक्शन मिळालं. रात्र त्यानं भिंतीला टेकून काढली. सकाळी बेळगावात एक्स-रे काढला, तेव्हा डावं फुप्फुस निम्मं मिटलेलं दिसलं. याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात.

विषाणूनं सुजलेल्या फुप्फुसाला जोराच्या खोकल्यानं कधी कधी बारीक छिद्र पडतं. तिथून निसटलेली हवा बरगड्यांच्या आत साठते आणि फुप्फुसाला दाबते. असं क्वचितच होतं, पण दमेकरी, जुना टीबी झालेले, सिगारेट-विडी ओढणारे आणि अशी उंच, सडपातळ पोरं यांना धोका जास्त. आमच्या निपाणी भागात विडी नवी नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

उसण दाबली की दुखते, कूस बदलताना दुखते. न्यूमोथोरॅक्सची कळ अचानक येते, एकाच बाजूला, श्वास आत घेताना टोचते आणि दम लागतो. पण घरबसल्या हा फरक ओळखायला जाऊ नका, एक्स-रे काढा. ऑक्सिमीटरवर 97 दिसलं म्हणूनही थांबू नका. तरुण माणसात आकडा बराच वेळ चांगला राहतो. ओठ निळे पडले, घाम सुटला, भोवळ आली तर मोटरसायकलवर मधे बसवून नेऊ नका, 108 ला फोन करा.

साठलेली हवा काढायला भावाच्या छातीत नळी घातली, त्यानंतरच्या चुका आमच्याच हातून झाल्या. या नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलेलं असतं. भाऊ खोकला की पाण्यात बुडबुडे यायचे. ती आतली हवा बाहेर पडत होती, आणि आम्ही घाबरून नळी चिमटीत धरली! तसं केलं तर हवा आतच कोंडते. संडासला नेताना मामांनी बाटली उचलून पलंगावर ठेवली, तेव्हा सिस्टर धावत आल्या. बाटली नेहमी छातीच्या खाली, उभी हवी, नाहीतर पाणी उलटं छातीत जाऊ शकतं.

घरी सोडल्यावरही बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमान पकडायचं असेल, तर आधी एक्स-रे दाखवून डॉक्टरांना विचारा. मालवणचं स्कूबा डायव्हिंग त्याला डॉक्टरांनी कायमचं बंद सांगितलंय.